सगळं नीट झालं, मग मन काऊन खट्टू?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की हॉस्पिटलातलं बाळंतपण कसं गेलं, काय आवडलं, काय खटकलं, ते लिहून पाठवा. पत्रं आली, मेल आले, आणि रात्री दोन-अडीचला बाळाला पाजता पाजता टाइप केलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तर विचारूच नका. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतलीत. नावं आणि हॉस्पिटलांची नावं काढली आहेत.

प्रश्न: ताई, माझं सिझर होऊन पाच महिने झाले. हॉस्पिटल भारी होतं, डिलक्स रूम, एसी, पाहुण्यांसाठी सोफा पण. सकाळपासून कळा येऊन राहिल्या होत्या, संध्याकाळी एकदम सिस्टर आली आणि म्हणे सही करा, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घ्यायचंय. काऊन म्हणून विचारलं तर "बाळाचे ठोके" एवढंच बोलली आणि गेली. नवरा खाली बिलिंग काउंटरवर. बाळ मला कधी दाखवलं ते आठवतही नाही. आता कोणी विचारलं ना की कशी झाली डिलिव्हरी, तर मला रडूच येतं. सासूबाई म्हणतात एवढा पैसा लावला, बाळ गुटगुटीत आहे, अजून काय पाहिजे बाप्पा. आणि माझी जाऊ, तिची सरकारी दवाखान्यात झाली, वॉर्डात ही गर्दी, रात्रभर कळा काढल्या तिनं, ती मात्र हसत हसत सांगते सगळ्यांना. मी नाटकं करून राहिली का?
— मानेवाड्याची एक आई

उत्तर: नाही गं, नाटकं बिटकं काही नाही. तुझ्या पत्रात सोफा एकदा आला आणि सिस्टरचं ते तुटक वाक्य शब्दाला शब्द आलं, त्यातच सगळं आलं बघ.

कॅनडातल्या एलन हॉडनेट नावाच्या संशोधक बाईंनी २००२ मध्ये या विषयावरचे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, की बाई बाळंतपणाबद्दल समाधानी असते ती नक्की कशामुळे. सगळ्यांना वाटायचं की दुखणं कमी झालं की बाई खूश. तर तसं निघालं नाही. चार गोष्टी सगळ्यात वर आल्या: बाईनं आधी काय अपेक्षा धरली होती, तिथल्या लोकांनी तिला किती आधार दिला, त्यांचं तिच्याशी वागणं कसं होतं, आणि निर्णय घेताना तिला विचारलं का. या चार इतक्या जड भरल्या की वय, शिक्षण, पैसा, खोली कशी होती, एवढंच काय कळा किती दुखल्या आणि कोणकोणते उपाय करावे लागले, हे सगळं त्यांच्यापुढे मागं पडलं. दुखण्याला महत्त्व नाही असं नाही हं, कोणी असं म्हणून तुझं दुखणं कमी करायचं इंजेक्शन अडवत असेल तर ऐकू नको, पण दुखलं तरी बाई समाधानी असू शकते आणि अजिबात न दुखता पण मनात खुपत राहू शकतं.

आता जावेचं. तिला एकदा विचारून बघ की रात्री तिच्याजवळ कोण होतं. मी पैज लावते, कोणीतरी होतं, तिची आई असेल, मावशी असेल, नाहीतर एखादी जुनी सिस्टर जी येता जाता "होतंय बेटा, छान करतेय" म्हणत असेल. हे मी उगाच मनानं सांगत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत एक माणूस सतत सोबत असलं तर काय फरक पडतो यावर २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं १७ देशांतले २६ प्रयोग एकत्र तपासले, १५ हजारांहून जास्त बायका होत्या त्यात. सोबत असलेल्यांच्या कळांचा वेळ थोडा कमी झाला, सिझर कमी झाले, आणि बाळंतपण वाईट गेलं असं म्हणणाऱ्या पण कमी निघाल्या. औषध नाही, मशीन नाही, फक्त माणूस.

तुझ्या केसमध्ये डॉक्टरांचा निर्णय बरोबरच असेल कदाचित. बाळाचे ठोके खरंच उतरत असतील तर तिथे चर्चासत्र भरवायला वेळ नसतो, मिनिटं मोजावी लागतात, आणि म्हणूनच ठरवून केलेल्या सिझरपेक्षा ऐनवेळी केलेल्या सिझरनंतर बायका जास्त नाराज असतात, हे बऱ्याच देशांत दिसलंय. पण घाईतही "बाळाचे ठोके कमी होतायत, थांबणं बरं नाही, सिझर करतोय, तुमच्या मिस्टरांना बोलावलंय" हे म्हणायला किती वेळ लागतो, स्ट्रेचर ढकलता ढकलता म्हणता येतं. तुला ते कोणी म्हटलं नाही. तुझ्या अंगावर एवढी मोठी गोष्ट झाली आणि तू त्यात नव्हतीसच, असं वाटतंय तुला, आणि एसीनं ते भरून निघत नाही कारण एसी रूम ही नंतरची गोष्ट, लेबर रूममध्ये तर सगळ्या सारख्याच. (स्वच्छता मात्र वेगळी. संडास-बाथरूम घाण असेल तर बाई ते वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाळंत होणारीला कूलर-पंखा ही चैन नाहीये.)

करायचं काय, तर हॉस्पिटलातून तुझे केसपेपर माग. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागद द्यायला पाहिजे. ते घेऊन त्याच डॉक्टरांची वेळ घे, भांडायला नाही, विचारायला: ठोके किती झाले होते, किती वाजता ठरलं, बाळ मला कधी दाखवलं. बऱ्याच जणींचं अर्धं ओझं तिथेच उतरतं कारण मधला जो वेळ गायब झालेला असतो तो परत मिळतो. आणि पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकेल का हेही तेव्हाच विचार.

एक मात्र नीट ऐक. ते प्रसंग स्वप्नात येत असतील, हॉस्पिटलच्या रस्त्यानं जायला नको वाटत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हे नुसतं खट्टू होणं नाही, मनाच्या डॉक्टरला दाखवायचं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सासूबाईंना सांग की बाळ चांगलं आहे ते आहेच, त्याचा आनंद पण आहे, आणि हे दुसरं पण आहे. दोन्ही एकाच बाईच्या मनात राहतात.

प्रश्न: मी पुण्याला जॉब करते, माहेर त्रिमूर्ती नगरला, पहिलं बाळंतपण म्हणून सातव्यात नागपूरला आलेय. आई म्हणते ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊ, बाबा म्हणतात मोठं हॉस्पिटल बघ, मैत्रीण म्हणते गूगलवर स्टार बघ. हॉस्पिटल बघायला गेल्यावर नक्की विचारायचं काय?
— होणारी आई

उत्तर: स्टार बघ पण स्टार देणाऱ्या बऱ्याचदा पार्किंग आणि रिसेप्शनला देतात. तू जाशील तेव्हा रूम नंतर बघ, आधी लेबर रूमची चौकशी कर.

पहिला प्रश्न: कळांच्या वेळी माझ्यासोबत माझं माणूस थांबू देता का, पूर्ण वेळ? "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर ते नाही समजायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं (डब्ल्यूएचओ) २०१८ मध्ये बाळंतपणातल्या काळजीसाठी ज्या शिफारशी काढल्या त्यात हे स्पष्ट आहे, बाईला हवं ते माणूस सोबत असावं. आपल्या केंद्र सरकारनं तर २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना तसं कळवलंय.

दुसरा: रात्री तीनला मी आले तर मला कोण बघणार? ज्या मॅडमकडे नऊ महिने जाशील त्याच असतील असं नाही, आणि ऐनवेळी अनोळखी चेहरा बघून मन खट्टू होतं, आधी माहीत असलं तर होत नाही.

मग बाकीचं सटरफटर, पण सटरफटर नाही ते: कळांमध्ये चालू-फिरू देता का, पाणी-ज्यूस पिऊ देता का, उताणंच झोपावं लागतं का, पहिलटकरणीला बाळ बाहेर येताना सरसकट खाली कट देऊन टाके घालता का, पोटावर दाबता का. डब्ल्यूएचओ म्हणतं की धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्या, फिरू द्या, सरसकट कट देऊ नका, पोटावर जोर देऊन बाळ ढकलू नका, केस काढणं आणि एनिमा हे रोजचं म्हणून करू नका. बाळ बरं असेल तर पहिला तासभर आईच्या उघड्या छातीवर ठेवा. हे विचारल्यावर समोरची व्यक्ती चिडते की नीट बसून सांगते, तेवढ्यात तुला अर्धं हॉस्पिटल कळेल.

एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, हवं असेल तर भूल देणारे डॉक्टर रात्री पण असतात का आणि त्याचे पैसे किती, हेही विचार. रक्ताची सोय, बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) इथेच की दुसरीकडे न्यावं लागेल, ते पण. तुला बीपी, शुगर, जुळं असं काही असेल तर बाकी सगळं मागं ठेवून आधी ही सोय बघ, गोड बोलण्यानं रक्तस्राव थांबत नाही.

सिझर किती होतात हे विचारायला लाजू नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात खाजगी दवाखान्यांत १०० पैकी ४७ बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारीत १४. सगळे खाजगीवाले पैशासाठी करतात असं मी म्हणणार नाही, काही बायका स्वतः मागतात, काही केसेस अवघड असतात, पण फरक एवढा मोठा आहे की विचारायचा हक्क आहे आपल्याला. सर्टिफिकेट म्हणशील तर खाजगीत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी संघटनेचं 'मान्यता' आहे, सरकारीत 'लक्ष्य' आहे जे डिसेंबर २०१७ ला सुरू झालं आणि त्यात लेबर रूममधलं वागणं-बोलणं पण तपासतात.

आणि सरकारी म्हणून नाक मुरडू नको. नागपुरातलं मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स, या सरकारी हॉस्पिटलांत तऱ्हेतऱ्हेच्या केसेस रोज हाताळतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट आहे, सिझर पण, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, येण्या-जाण्याची गाडी सगळं धरून. गर्दी असते, एकेका सिस्टरकडे किती बायका असतात ते बघितलं की तिचा आवाज चढतो ते समजतं, माफ करावं असं नाही म्हणत, समजतं.

शेवटी तुझ्या स्वतःच्या डोक्यातलं. इन्स्टावर मेणबत्त्या लावून बाळंतपण दाखवतात ते बघून प्लॅन करू नको, आणि काकू-मावश्यांच्या भयकथा ऐकूनही नको, दोन्हीकडून अपेक्षा बिघडते. पहिल्या वेळी कळा खूप लांबतात, पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा वेळ तर कितीही लागू शकतो, आणि पूर्वी जे म्हणायचे की तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे तो आग्रह आता डब्ल्यूएचओनं सोडलाय. हे माहीत असलं की "अजून झालं नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी" असं वाटत नाही. सिझर लागलं तर काय काय होतं, तेही आत्ताच विचारून ठेव. ठरवलं नव्हतं ते झालं तरी चालतं, माहीतच नव्हतं ते झालं की लागतं मनाला.

प्रश्न: आजकालच्या मुलींचं जरा जास्तच होऊन राहिलं. सोबत माणूस पाहिजे, गोड बोलायला पाहिजे. आमच्या वेळी लेबर रूममध्ये आया मांडीवर फटका मारायची, "तेव्हा मजा वाटली, आता काऊन ओरडते" म्हणायची, तरी तीन पोरं झाली ना आम्हाला? कोणी तक्रार केली?
— सक्करदऱ्याची एक आजी

उत्तर: आजी, नमस्कार. तुमची थोरली लेक आता चाळिशीच्या पुढे असेल, आणि त्या आयाचं वाक्य तुम्हाला अजून जसंच्या तसं पाठ आहे. तक्रार केली नाही हे खरं, विसरला पण नाहीत.

पेनी सिमकिन म्हणून अमेरिकेत एक बाई होत्या, बाळंतपणाचे क्लास घ्यायच्या. त्यांनी आपल्या क्लासमधल्या बायकांना १५-२० वर्षांनी परत गाठून विचारलं आणि १९९१ मध्ये ते छापलं. बायकांना डॉक्टर-नर्सचे शब्द सुद्धा आठवत होते. ज्या समाधानी होत्या त्या सांगत होत्या की मी काहीतरी मोठं केलं, माझ्या हातात काहीतरी होतं. म्हणजे आजी, तो फटका तीन पोरांसोबत घरी आलाच तुमच्या.

आणि आमच्या वेळी, आमच्या वेळी म्हणतो आपण, पण याच नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ काढला. स्वतः बालविधवा, नर्सिंग शिकलेल्या, आणि बाळंतिणीची सेवा हे काम म्हणून अंगावर घेतलेलं. म्हणजे बाळंतिणीला नीट वागवावं हे आजकालच्या मुलींनी मोबाईलवरून शोधलेलं नाही, तुमच्या सासूबाईंच्या वेळेपासून या शहरात ते चालू आहे. तुमच्या नातीला कळा लागतील ना, तेव्हा तुम्हीच जा सोबत. तीन बाळंतपणं काढलेली बाई उशाशी बसली तर पोरीला धीर येईल, फक्त ते आयाचं वाक्य घरी ठेवून जा.

प्रश्न: बायको म्हणते लेबर रूममध्ये तू पाहिजे. मला रक्त बघवत नाही, पडलो तर? आणि नवऱ्याला आत घेतात का?
— काटोल रोड, नाव नको

उत्तर: २०१६ च्या सरकारी सूचनेत आधी नात्यातली बाई म्हटलंय, जिनं स्वतः बाळंतपण अनुभवलंय अशी, आणि जिथे पडदे वगैरे असून बाकीच्या बायकांचा आडोसा सांभाळला जातो तिथे नवरा पण चालतो. खाजगीत बहुतेक ठिकाणी आधी सांगून ठेवलं तर घेतात. रक्ताचं म्हणाल तर तुम्हाला तिकडे बघायचंच नाहीये, तुमची जागा तिच्या डोक्याशी. हात धरायचा, कंबर दाबायची, पाणी द्यायचं, आणि मोबाईल खिशात. जेवून जा, उपाशीपोटी उभे राहणारेच पडतात. खूपच धास्ती असेल तर तसं तिला आत्ताच सांगा आणि तिच्या आईला किंवा बहिणीला ठरवून ठेवा, तिथे ऐनवेळी गायब होऊ नका. आणि आत गेल्यावर मुलगा का मुलगी हा पहिला प्रश्न नका विचारू. मुलगी झाली म्हणून बाहेर चेहरे पडलेले बघितले की त्या बाईला बाकी सगळं चांगलं झालेलं पण कडू लागतं, हे मी किती जणींकडून ऐकलंय.

प्रश्न: मी एका मॅटर्निटी होममध्ये ऑफिसचं काम बघते. डिस्चार्जला आम्ही फीडबॅक फॉर्म भरून घेतो, जवळपास सगळ्या 'उत्तम' वर टिक करतात. आणि महिन्याभरानं त्याच पेशंट ओळखीत सांगतात की सिस्टर ओरडल्या, पैसे मागितले. खरं काय समजायचं?
— वर्धमान नगर

उत्तर: दोन्ही खरं आहे. बाळ हातात, घरी जायची घाई, टाके दुखतायत, खाली ऑटो उभा, आणि समोर फॉर्म घेऊन तीच सिस्टर उभी जिनं रात्री ड्रिप लावली होती. 'उत्तम' नाही तर काय लिहिणार? शिवाय सगळं सुखरूप झाल्याची जी सुटका असते ती काही दिवस सगळ्यावर पांघरूण घालते, आणि ती ओसरल्यावर आतलं वर येतं. ब्रिटनमधल्या मॉरीन पोर्टर आणि सॅली मॅकिंटायर यांनी १९८४ मध्येच लिहून ठेवलंय की बायकांना जी सेवा मिळते तीच त्या सगळ्यात चांगली मानतात, कारण दुसरी पाहिलेलीच नसते. आपल्याकडे तर अजूनच. महाराष्ट्रात आता जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण तिथे आपल्याला काय मिळायला पाहिजे हे किती जणींना माहीत असतं? जिनं "ओरडणारच, दवाखाना आहे" अशी तयारी करून पाऊल टाकलं तिला कमी ओरडलं तरी उत्तम वाटतं.

म्हणून 'समाधानी आहात का' हा प्रश्नच काढून टाका. झालं का नाही झालं असं विचारा. तपासायच्या आधी सांगितलं का? पडदा ओढला का? कळांच्या वेळी कोणी सोबत होतं का? सिझर का करतोय ते सही घ्यायच्या आधी समजावलं का? कोणी आवाज चढवला का, हात उगारला का? बाळ किती वेळानं जवळ दिलं? बिलाशिवाय कोणाला पैसे द्यावे लागले का, पेढ्यांचे म्हणून, आयाचे म्हणून? याची उत्तरं हो किंवा नाही येतात, त्यात उत्तमला जागाच नाही.

डिस्चार्जला विचारू नका. दीड महिन्यानं बाळाच्या लशीला आणि आईच्या तपासणीला येतात तेव्हा विचारा, किंवा घरी फोन करा, पण फोन लेबर रूमच्या स्टाफनं करायचा नाही, आणि सासूच्या हातात फोन असेल तर परत करा. फॉर्मवरून नावाची ओळ काढा, पेटीत टाकायला लावा, पेटीची किल्ली मॅडमकडे. आणि ओरडल्याचं निघालं तर त्या सिस्टरला झापायच्या आधी तिची ड्युटी किती तासांची होती ते रजिस्टर उघडून बघा.